गठ्ठा सोडण्याआधी

मंगळवार, रात्री

युद्धावरून आलेल्या पत्रांचा गठ्ठा हाती आला की माणूस आधी दोरी सोडतो आणि पत्रं तारखेप्रमाणे लावायला बसतो. नुकसानाची सुरुवात तिथेच होते. घरातल्या कुणीतरी ती ज्या क्रमाने बांधली, त्या क्रमातूनही कळत असतं: कुठली पत्रं एकाच टपालाने आली, कुठला फोटो कुठल्या पत्रातून आला, शेवटचं पत्र सगळ्यांत वर का आहे. म्हणून आधी गठ्ठ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो. मग वरून खाली, आहे त्याच क्रमाने, प्रत्येक पत्राच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नंबर. बॉलपेन नको. चिकटवायच्या चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा गोंद कागदावर राहतो. पत्र आणि त्याचा लिफाफा यांना एकच आकडा, पुढे क आणि ख. तारीखवार यादी वहीत हवी तशी करता येते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

लिफाफ्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यांत आधी तोच केरात जातो. आघाडीवरच्या सैनिकाला सहसा ठिकाण लिहायची परवानगी नसे. आत नुसतं ‘रविवार’ किंवा ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’. बाहेर मात्र टपालाचा शिक्का, फील्ड पोस्ट ऑफिसचा (सैन्याबरोबर असणाऱ्या टपाल कार्यालयाचा) नंबर, सेन्सॉरचा शिक्का, अधिकाऱ्याची सही. कुठल्या नंबरचं पोस्ट ऑफिस कधी कुठे होतं याच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी करून ठेवल्या आहेत, त्यामुळे नंबर आणि तारीख हाती असली की ठिकाणाच्या बरंच जवळ जाता येतं. तिकीट कापून घेतलं की त्याबरोबर शिक्काही जातो. सरकारदरबारी नोंद असेलच असंही धरून चालू नये. १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राला आग लागली आणि अमेरिकी लष्कर व हवाई दलाच्या १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. अशा वेळी सैनिक कुठल्या तुकडीत होता हे सांगायला एखादा लिफाफाच उरतो.

आता कॉपिंग पेन्सिल. पहिल्या महायुद्धातली कितीतरी पत्रं हिनेच लिहिलेली आहेत, कारण खंदकात दौत सांभाळणं अवघड. साध्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, हिच्यात त्याशिवाय पाण्यात विरघळणारा ॲनिलीन रंग घातलेला असतो, बहुतेक वेळा जांभळा. कोरडं अक्षर करडं दिसतं, अगदी साध्या पेन्सिलीसारखं. ओल लागली की तेच जांभळं होऊन पसरतं, आणि पसरलेलं परत येत नाही. ओळखायचं कसं? ओलं बोट लावून तर मुळीच नाही. भिंगाखाली पाहावं: जिथे कधीकाळी थेंब पडला किंवा पेन्सिलीचं टोक जिभेला लावून लिहिलं, तिथे शब्दाच्या कडेला जांभळा ठिपका किंवा गडद रेघ दिसते. घडी पडून कडक झालेला कागद दमट डब्यात ठेवून सैल करायची एक पद्धत सांगितली जाते. या पत्रांवर ती चुकूनही वापरू नये. पत्र हळूहळू उघडावं, दोन टीपकागदांमध्ये ठेवावं, वर हलकं वजन ठेवावं आणि काही आठवडे थांबावं. घडी पूर्ण गेली नाही तरी चालेल.

लोहयुक्त शाईचा त्रास उलटा असतो. ती तपकिरी होते, आम्लामुळे कागद खाते, आणि जाड रेघेपाशी बारीक तडे जातात. असं पान हातात धरून वाकवायचं नाही. खाली पुठ्ठा सरकवूनच उचलायचं. पाणी इथेही वर्ज्य.

फाटलेल्या कडेवर सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नकोच: टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि लॅमिनेशन सुखरूप निघत नाही. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून ती सैल करायची. सुती हातमोजे नकोत, त्यातून कागदाची कड बोटांना कळत नाही आणि ती फाटते. हात धुऊन कोरडे केले की पुरे.

ठेवायचं कुठे, हे थोडक्यात. ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाचं) फोल्डर, ॲसिड-फ्री खोका, पत्र उलगडून सपाट. पीव्हीसीची पाकिटं नकोत. पॉलिएस्टरची चालतात, पण पेन्सिलीच्या अक्षराला नाही, स्थिर विजेने ग्रॅफाइट उचललं जातं. आर्द्रता ३५ ते ५० टक्के, तापमान २१ अंशांच्या आत. आर्द्रता ६५ च्या वर राहिली की बुरशी धरते. माळा आणि तळघर, दोन्ही वाईट.

काही पत्रांना वेगळी वागणूक लागते. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी व्ही-मेल हे खरं तर छायाचित्र आहे. लिहिलेल्या पानाची मायक्रोफिल्म पाठवत आणि पोचल्यावर साधारण सव्वाचार बाय सव्वापाच इंचांची प्रत छापत. दीड लाख पत्रांचं २,५७५ पौंड वजन त्यामुळे ४५ पौंडांवर आलं. घरी पोचलेली ती छोटी प्रत हीच जपायची वस्तू, आणि ती फोटोसारखी जपायची. सोव्हिएत सैनिकांची त्रिकोणी पत्रं लिफाफ्याशिवाय जात, घडीवरच पत्ता असे. ती उघडण्याआधी घडीसकट दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत.

स्कॅनिंगला फ्लॅटबेडच हवा, म्हणजे काचेवर कागद सपाट ठेवायचा स्कॅनर, कागद ओढून घेणारा फीडर नको. ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), २४-बिट रंगीत, टिफ प्रकारची फाइल. ए-फोर पानाला सुमारे ४६ एमबी लागतात. व्ही-मेलसारख्या बारीक अक्षराला ६०० किंवा त्याहून जास्त. ‘आपोआप सुधारणा’ बंद ठेवावी, नाहीतर फिकट पेन्सिल पार्श्वभूमीत विरून जाते. कोऱ्या बाजूही स्कॅन कराव्यात. सेन्सॉरने ब्लेडने कापलेल्या जागेमागे करडा कागद ठेवावा, म्हणजे भोकाचा आकार नीट येतो. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-नंबर असं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

मजकूर उतरवताना हात आवरावा लागतो. चुकलेलं शुद्धलेखन तसंच ठेवायचं, ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची. न लागलेल्या शब्दाला [अस्पष्ट], कापलेल्या जागेला [सेन्सॉरने कापलं, अंदाजे दोन ओळी]. तर्काने भरायचं नाही. ब्रिटिश सैन्याच्या छापील फील्ड कार्डावर ‘मी ठीक आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केलं आहे’ अशी वाक्यं असत आणि नको ती खोडायची असत. आणखी काही लिहिलं तर कार्ड नष्ट होईल अशी सूचनाही छापलेली असे. अशा कार्डाची खोडलेली वाक्यंही उतरवून घ्यावीत, खोडल्याची खूण करून.

भाषांतर वेगळं ठेवावं, मूळ उताऱ्याच्या जागी कधीच नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आलेली भारतीय सैनिकांची पत्रं आज आपण मुख्यतः सेन्सॉरच्या अहवालांतल्या इंग्रजी उताऱ्यांतून वाचतो. ते अहवाल ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ शब्द बहुतेकांचे हरवले. म्हणूनच कुणाच्या पेटीत अजून मूळ पत्र असेल तर त्याचं मोल फार मोठं आहे, मग ते सैनिकाने सांगून लेखनिकाकडून लिहून घेतलेलं का असेना.

प्रसिद्ध करण्याआधी हक्क पाहावा लागतो. कागद आपल्याकडे असला तरी छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. मुदत देशागणिक बदलते, आणि कधीच न छापलेल्या मजकुराला अनेक ठिकाणी निराळे नियम लागतात. संग्रहालयाला देताना करारात स्पष्ट लिहून घ्यावं: मूळ पत्रं देतोय की नुसते स्कॅन, इंटरनेटवर टाकायला परवानगी आहे का, आणि त्यांना ती नको झाली तर कुणाकडे परत जातील.

पत्रात सोबत्यांची नावं असतात, त्यांच्या जखमा, त्यांचं खचणं, कधी शेवटचे तास. त्यांच्या घरी पोचलेल्या पत्रात ‘तत्काळ मरण आलं, त्रास झाला नाही’ असं असू शकतं आणि आपल्या हातातल्या पत्रात दुसरंच. असं पान सापडलं तर आधी त्या कुटुंबाचा शोध घ्यावा, त्यांना विचारावं, आणि शोध लागेपर्यंत नावाऐवजी एक अक्षर घालून बाकीचं पत्र प्रसिद्ध करावं.