ऊन नव्हतं ते

"पाठीतलं पाणी काढू देनार न्हाई. पोरगं लुळं पडलं म्हंजे?" वॉर्डाबाहेर आजी हटूनच बसल्या.

आत नातू तापानं फणफणलेला. दोन दिवस घरात सगळे म्हणत होते, ऊन लागलंय. सोलापूरचा मे महिना, दुसरी शंका येणार कुणाला? कांदा चोळून झाला, पन्हं पाजून झालं. पण डॉक्टरांनी त्याची मान उचलली आणि गुडघे आपोआप पोटाशी आले.

रक्त घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू केलं, त्यात तासभरही घालवायचा नसतो. मग डॉक्टर आजींशेजारी बाकावर बसले. "आजी, सुई कमरेत खाली टोचतो. मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो." आजींनी अंगठा दिला.

नळी लॅबला मीच नेली. हे पाणी नितळ असतं. आजचं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. बॅक्टेरियल मेनिंजायटिसच, म्हणजे जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज.

ताप, उलट्या, डोकं दुखणं म्हणजे ऊन, हे आपण ठरवूनच टाकलंय. सोबत मान ताठ असेल, उजेड सोसवत नसेल, गुंगी किंवा झटके असतील तर दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. टाळू फुगलेली दिसते, बाळ दूध सोडतं.

तापलेल्या पोराची हनुवटी छातीला टेकते का, हे तुमच्या घरी कुणी बघतं का?