यंत्रे आली, पण कांड्यांचे काय?

आज एका खेड्यातील माध्यमिक शाळेची कार्यशाळा पाहण्याचा योग आला. नववीतील एक मुलगी गुण्या लावून लोखंडी अँगलवर खडूने खूण करीत होती. वर्गातील मोडक्या बाकाचा सांगाडा तिला जोडायचा होता, आणि वेल्डिंगच्या कांड्या किती उरल्या आहेत हे मोजूनच ती कामाला हात घालत होती.

शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेत नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणाचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात या योजनेचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. यंत्रे एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकतात. कांड्या, पत्रा, वायर आणि वीजबिल मात्र दर महिन्याला लागतात, आणि या शाळेत नेमके तेच पैसे सर्वांत उशिरा पोहोचतात. प्रशिक्षकाचे मानधनही रखडलेले आहे. तरी ते येतात, हे विशेष.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने यावर एक वाट दाखवली आहे: मुलांनी शिकता शिकता गावाला उपयोगी वस्तू आणि सेवा द्याव्यात, म्हणजे शिक्षणाच्या खर्चाचा काही भार त्यातून हलका होतो. मला ही पद्धत मनापासून पटते. मात्र मुलांच्या कामावर शाळा चालवावी आणि शासनाने हात झटकावेत, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. मुख्याध्यापक आता ग्रामपंचायतीकडे स्मशानभूमीच्या फाटकाचे काम मागणार आहेत, मजुरीसह.