मार्चअखेरची रोपे

मार्च उजाडला की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, उरलेला पैसा कुठे लावायचा याची धावपळ सुरू होते आणि निसर्गसंवर्धनाच्या नावाखाली हमखास वृक्षारोपणच पुढे येते. चार वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजूच्या एका माळावर अशीच रोपे लावायला मीही गेलो होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर आलाच नाही. मागच्या मे महिन्यात तिकडे डोकावलो, तेव्हा कंपनीच्या नावाची पाटी शाबूत होती, खाली कोरडी आळी आणि उन्हाने तडकलेली ठिबकची नळी तेवढी उरली होती. मुळात तो गवताळ माळ चंडोलांचा आणि माळटिटव्यांचा. रोपे जगली नाहीत हे त्यांच्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

दोष कायद्याचा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्यात वन्यजीवांचे रक्षण येते, आणि सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्पही घेता येतो. म्हणूनच नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीसाठी, जी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली, गावातल्याच दोन तरुणांना राखणीचा तीन वर्षांचा पगार द्यावा, असा प्रस्ताव मी आमच्या सीएसआर समितीपुढे ठेवला. समितीतल्या एका साहेबांनी विचारले, ‘‘पण यात फोटो कशाचा काढायचा?’’

त्यावर मला आठवला तो जागतिक बँकेने २०२२ मध्ये काढलेला १५ कोटी डॉलरचा ‘गेंडा रोखा’, म्हणजे गेंड्यांच्या संवर्धनासाठीचा कर्जरोखा. त्यातल्या गुंतवणूकदारांनी पाच वर्षांच्या नियमित व्याजावर पाणी सोडले. तो पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या दोन अभयारण्यांना जातो, आणि मुदतीअखेर काळ्या गेंड्यांची संख्या जितकी वाढलेली असेल त्या प्रमाणात गुंतवणूकदारांना मुद्दलावर जास्तीची रक्कम मिळते. तिथे गेंडे मोजतात, रोपांचे खड्डे नव्हे. हा मार्ग सगळीकडे चालेल असे नाही, कारण गेंडा मोजण्याइतके सोपे दलदलीतले बदक मोजणे नसते. पण नांदूरमध्यमेश्वरला पक्षीगणना होतेच.

पुढच्या बैठकीला तोच प्रस्ताव मी पुन्हा नेणार आहे, गणनेचे आकडे जोडून.