गोलात टांगलेल्या ट्यूब

२९ ऑगस्ट, रात्री साडेदहा

सकाळी सहाला हॉकीच्या मैदानावर पोचले तर डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, पाणी साचलेलं. गोणपाटं टाकून टिपून घेतलं, वर कोरडी माती पसरली आणि मग पुन्हा सुतळी धरून फक्कीने रेघ मारली. दोन्ही खांबांपासून १४.६३ मीटर, मध्ये ३.६६ मीटरचा सरळ तुकडा. मुलं लहान आहेत, डी अंदाजे आखली तरी चाललं असतं, असं दोघातिघांनी सांगितलं. मला ते पटेना. ज्या डीतून पुढे गोल मारायचे, ती आजच पायाखालची व्हायला हवी.

ध्यानचंद यांच्या जयंतीला दरवर्षी आम्ही सामना ठेवायचो. त्यात बावीस जण खेळायचे, बाकीचे कडेला बसून टाळ्या वाजवायचे. म्हणून यंदा शूटिंगची स्पर्धा. अडतीस मुलं-मुली, प्रत्येकाला पाच चेंडू. स्टिक होत्या एकवीस, त्या हातोहात फिरल्या. याच खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धनराज पिल्ले मोडक्या स्टिकने खेळायला शिकले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळले. स्टिकवरून कुरकुर झाली की मुलांना मी हेच सांगते.

पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणून गोलाच्या चार कोपऱ्यांत टांगल्या होत्या. बारा वर्षांखालच्यांना फक्त खालच्या दोन. त्यांनी चेंडू बॅकबोर्डच्या, म्हणजे गोलाच्या तळाशी असलेल्या ४६ सेंटिमीटर उंच फळीच्या, वर उचलायचा नाही. आणि ठेवलेला चेंडू मारायचा नाही. मी बाजूने सोडणार, तो अडवायचा आणि तीन सेकंदांत मारायचा. सामन्यात थांबलेला चेंडू कितीदा मिळतो? पहिल्या फेरीत निम्म्या मुलांचा चेंडू पायातच अडकला, पण दुसऱ्या फेरीपर्यंत स्टिक आपसूक खाली येऊ लागली. ते बघताना फार बरं वाटलं.

मग ती आली. लिहिते डाव्या हाताने, जेवतेही डाव्या हाताने. हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच, नियमात बसत नाही, त्यामुळे तीही सगळ्यांसारखीच उजवी स्टिक धरते. चेंडू तिच्या डावीकडे गेला. ती थबकली. म्हणाली, "ताई, रिव्हर्स मारू?"

रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी करून डावीकडून मारलेला फटका, चालणार नाही, असं नियमांच्या कागदावर मीच लिहिलं होतं. स्टिक आडवी फिरते, कडेच्या पोराला लागेल ही भीती. पण भीती उभ्या राहणाऱ्यांची होती आणि बंदी मी मारणारीवर घातली होती. सगळ्यांना पाच पावलं मागे घेतलं आणि म्हटलं, मार. पहिले तीन बाहेर गेले. चौथा ट्यूबमधून आरपार. पाचवाही!

मग ज्यांची पाळी होऊन गेली होती, त्यांनाही रिव्हर्सची संधी देणं भागच होतं. तासभर वाढला, पोहे गार झाले, दोन पालक चिडून घरी गेले. तिचा नंबर आला नाही. तरी बक्षिसं वाटून झाल्यावर ती रिकाम्या गोलासमोर एकटीच रिव्हर्स मारत होती.

एक गोष्ट मात्र सलते आहे. आमचे चार गोलकीपर पॅड बांधून सकाळपासून बसले होते. ट्यूबच्या गोलात त्यांना काही कामच नव्हतं. शेवटी त्यांतला धाकटा जवळ आला, "आमची कधी?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर कागद काढला. रिव्हर्सची ओळ खोडली. गोलकीपरांसाठी काय ठेवायचं ते अजून सुचलेलं नाही. खाली अर्धं पान कोरं सोडलं आहे.