तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती मॉडेलंच का?

नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात आणि शेजारच्या लॅबमधले तर हमखास विचारतात: "कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंची ती अतिसूक्ष्म नळी, कधी बनवली नाहीस, नुसती गणिती मॉडेलं करतेस. उपयोग काय?"

माझ्या पीएच.डी.च्या व्हायवात हाच प्रश्न आला होता. पडद्यावर आलेख होता. माझ्या मॉडेलप्रमाणे एका नळीचा ट्रान्झिस्टर शेकडो गिगाहर्ट्झपर्यंत चालायला हवा, आणि खाली दुसऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलेले आकडे, एक-दोन गिगाहर्ट्झवर अडकलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यातलं खरं कोणतं?" मी म्हटलं, "दोन्ही." सभागृहात हशा पिकला. मी कारण सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "पुढची स्लाइड." माझे गाईड गप्प बसून होते. ते मला अजून लागतं.

सांगायचं होतं ते असं. जोडणी कितीही उत्तम करा, एका नळीचा रोध 6.45 किलोओहमच्या खाली जात नाही. तो क्वांटमचा नियम आहे, कारागिरीतली उणीव नव्हे. मोजणारं यंत्र असतं 50 ओहमचं, म्हणजे बहुतेक सिग्नल आल्या पावली परत जातो. नळीचं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) अ‍ॅटोफॅरडमध्ये, तर मोजायची सुई, म्हणजे प्रोब, टेकवायच्या धातूच्या पॅडचं त्याच्या शेकडो पट. पॅड वजा केल्याशिवाय तुम्ही मोजता ते पॅडच. आणि काय वजा करायचं, हे मॉडेलशिवाय ठरवणार कसं? पुढे 2019 मध्ये एका दिशेत रचलेल्या असंख्य नळ्यांच्या ट्रान्झिस्टरांनी 100 गिगाहर्ट्झ ओलांडले. त्या दिवशी मी खूप वेळ कुणाशी बोलले नाही.

मॉडेलला सगळं कळतं असं मी म्हणत नाही. साधारण तीनातली एक नळी धातूसारखी निघते. ती नेमकी कुठली, हे मॉडेल सांगू शकत नाही.

इंटरकनेक्टबाबत, म्हणजे चिपमधले ट्रान्झिस्टर जोडणाऱ्या तारांच्या जागी नळ्या वापरण्याबाबत, मात्र माझं माझ्याशीच भांडण आहे. नळीचं कायनेटिक इंडक्टन्स (इलेक्ट्रॉनांच्या जडत्वामुळे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) मायक्रॉनला सुमारे 4 नॅनोहेन्री, नेहमीच्या चुंबकीय इंडक्टन्सच्या हजारो पट. तेव्हाची मी त्यावर लुब्ध होते, अख्खं प्रकरण त्यावर लिहिलं. आज हिशेब मांडते तर 10 गिगाहर्ट्झला त्याचा अडथळा मायक्रॉनमागे जेमतेम 250 ओहम भरतो, आणि लांब नळीत रोध मायक्रॉनमागे साडेसहा हजारांच्या आसपास. अनेक नळ्यांचा जुडगा केला तरी दोन्ही सारख्याच पटीत उतरतात. साधारण 250 गिगाहर्ट्झपर्यंत रोधच वरचढ. मग फक्त रोध आणि कपॅसिटन्स धरणारं साधं आरसी मॉडेल पुरे की!

तेव्हाची मी लगेच म्हणते: हे सगळं इलेक्ट्रॉन मायक्रॉनभरच न अडखळता जातो असं धरून. तेच अंतर कुणी 10 मायक्रॉन करून दाखवलं, तर सीमा 25 गिगाहर्ट्झवर येते आणि ते प्रकरण पुन्हा उघडावं लागतं. तिचं म्हणणं मला आजही खोडून काढता आलेलं नाही.