आंबोळीच्या कपाटात बिअरच्या बाटल्या

आमच्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या घरात जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक अरुंद कपाट आहे. आत गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि तिच्या डोक्यावर दोन लाकडी फळ्या. इथले लोक त्याला एअरिंग कबर्ड म्हणतात. धुतलेले टॉवेल, चादरी त्या उबेत ठेवायच्या. बाहेर बर्फ पडत असला तरी आत 22 अंशांच्या आसपास असतं. इथल्या पहिल्या हिवाळ्यात आंबोळीचं पीठ दोन दिवस ओट्यावर गारठून पडलं होतं. शेवटी मी पातेलं उचलून या कपाटात ठेवलं आणि सकाळी बघते तर पिठाने झाकण वर उचललेलं. तेव्हापासून आईचा वेंगुर्ल्याहून दर रविवारी एकच प्रश्न: "पीठ फुगलां काय गो?"

गेली सहा वर्षं त्या पातेल्याच्या शेजारी बिअरच्या बाटल्याही असतात. बिअर मी घरी बनवते, आणि तिच्यातला फेस सिलिंडरमधून भरत नाही. तो बाटलीत, झाकण लागल्यावर, साखरेवर जगणाऱ्या यीस्टकडून तयार होतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण घरी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो: "गॅस कुठून भरतेस?"

मला हे शिकवलं शेजारच्या आजोबांनी. त्यांचं सगळं आयुष्य इथल्या रेल्वेच्या कारखान्यात गेलं. मला ते 'मी डक', म्हणजे 'माय डक', म्हणतात. डर्बीशायरमध्ये हाक मारायची ही मायेची रीत आहे. सत्तरच्या दशकापासून ते घरी बिअर करत आले आहेत. इंग्लंडमध्ये घरच्या बिअरलाही पूर्वी परवाना लागायचा. 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. घरच्यापुरती करा, विकू नका, एवढंच बंधन उरलं. (आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी तिकडे बादली मांडू नका.) डर्बीहून आगगाडीने पंधराएक मिनिटांवर बर्टन-अपॉन-ट्रेंट. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, आणि त्या पाण्याची कडवट, स्वच्छ बिअर एकोणिसाव्या शतकात पिंपांतून मुंबई-कलकत्त्यापर्यंत जायची. इंडिया पेल एल हे नाव त्यातूनच आलं. मी या गावाच्या शेजारी येऊन राहिले आणि मुंबईच्या बंदरात उतरलेल्या त्या पिंपांचा विचार अजूनही मनात येतो.

बिअर शिजवणं आणि आंबवणं यावर वेगळं लिहीन. आज बादलीतली बिअर तयार आहे असं धरून चालू. दोन आठवडे झालेत, यीस्ट तळाशी बसलंय, वरची बिअर जवळजवळ नितळ आहे. चाखली तर चव लागते, पण सपाट, उघड्या राहिलेल्या सोड्यासारखी. आंबताना तयार झालेला बराचसा कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेलेला असतो. तो परत आणायचा तर यीस्टला पुन्हा थोडंसं खायला द्यायचं आणि या वेळी दार बंद ठेवायचं. हे खायला म्हणजे प्रायमिंग शुगर. साधी, पांढरी, किराण्यातली साखर.

किती? सगळा जीव या एका आकड्यात आहे. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि तेवढंच अल्कोहोल. बिअरमधला वायू मोजतात व्हॉल्यूममध्ये: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला तर तो एक व्हॉल्यूम, वजनात दोन ग्रॅमच्या जरा आत. बिटर नावाच्या इंग्लिश बिअरला दोन व्हॉल्यूम पुरतात, जर्मन गव्हाच्या बिअरला तीनच्या वर लागतात. आता बादलीतल्या बिअरमध्येही थोडा वायू अगोदरच विरघळलेला असतो. 20 अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये तो 0.85 व्हॉल्यूमच्या आसपास. म्हणजे भर घालायची ती फक्त सव्वा व्हॉल्यूमच्या आत. माझ्या 19 लिटरला ती येते 85 ग्रॅम साखर. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीला सव्वादोन ग्रॅम, चहाचा जेमतेम अर्धा चमचा.

आजोबांच्या तरुणपणी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर थेट टाकायचे. मीही पहिल्या दोन खेपांना तसंच केलं. एकीतून फेस ओसंडला, दुसरी मलूल. चमचा सपाट की शीग लागलेला यात दीडपट फरक पडतो, आणि बाटलीच्या बारीक तोंडाशी हात थरथरतो. म्हणून आता सगळी साखर एकदम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर 85 ग्रॅम मोजून घ्यायची, कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळायची आणि तो पातळ पाक झाकण ठेवून निवू द्यायचा. नळ बसवलेली दुसरी बादली जंतुनाशकाने धुऊन तिच्या तळाशी आधी पाक ओतायचा, मग वरून सायफनच्या नळीने बिअर. नळीचं टोक तळाला टेकवून कडेने जरा वाकवलं की बिअर भोवऱ्यासारखी फिरत चढते आणि पाक आपोआप मिसळतो. शेवटी निर्जंतुक केलेल्या डावाने अगदी हळू दोन वेढे. इथे घाई करून घुसळायचं नाही. हवा मिसळली तर महिन्याभरात बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि ती चव मग जात नाही.

ग्लुकोज पावडर वापरायची असेल तर वजन दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवायचं. मी एकदा गावाहून आणलेला गूळ घालून पाहिला. गुळात पाणी किती आणि साखर किती हे ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे फेसाचा भरवसा राहिला नाही, आणि 20 लिटरमध्ये 90 ग्रॅम गुळाची चव मला तरी लागली नाही. गूळ आंबोळीबरोबर खावा.

बाटल्या तपकिरी काचेच्याच हव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून ऊन लागलं की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांचं विघटन होऊन बिअरला घाणेरडा उग्र वास येतो. बाटली तोंडापर्यंत भरायची नाही, वर दोन बोटं मोकळी ठेवायची. मग पत्र्याचं दातेरी झाकण आणि ते दाबून बसवायचा दोन दांड्यांचा कॅपर. झाकण बसतं तेव्हा दांड्या शेवटच्या इंचाला एकदम सैल पडतात, हाताला ते बरोबर कळतं. मी भरते, नवरा झाकणं लावतो. अडतीस बाटल्यांना दीड तास.

आता ती जानेवारीची रात्र. तो माझा चौथा घाणा होता. घर थंड, बादली गॅरेजच्या भिंतीला टेकलेली. बुडबुडे थांबले म्हणून मी हायड्रोमीटर एकदाच बुडवला. तो बिअरची घनता दाखवतो: साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. 1.016 दाखवत होता. 1.010 पर्यंत उतरायला हवा होता, पण मला वाटलं, थांबलंय म्हणजे झालं. झालं नव्हतं. यीस्ट थंडीने झोपलं होतं. मी त्यात मोजून साखर घातली, बाटल्या भरल्या आणि सरळ उबदार कपाटात नेऊन ठेवल्या. तिथे यीस्ट जागं झालं आणि माझ्या साखरेबरोबर राहिलेली साखरही खायला लागलं. हायड्रोमीटर दोन अंकांनी (1.016 वरून 1.014 वर) उतरला की बंद बाटलीत साधारण एक व्हॉल्यूम वायू तयार होतो. सहा अंक म्हणजे तीन व्हॉल्यूम, वर बिअरमधले आधीचे आणि माझ्या साखरेचे मिळून दोन. पाच व्हॉल्यूमचा दाब सोसायला साधी बिअरची बाटली बनवलेली नसते.

नवव्या रात्री पहाटे तीनला पहिली फुटली. मी दिवाळीत वाढलेली बाई, आवाजाला घाबरत नाही, पण घरातल्या बंद कपाटातून तो आवाज आला तेव्हा हातपाय गार पडले. पाठोपाठ दुसरी. दार उघडायचं नाही एवढं सुचलं. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिची खोली त्या कपाटाला लागून. तिला उचलून खाली आणलं आणि उजाडेपर्यंत आम्ही तिघं सोफ्यावर बसून राहिलो.

सकाळी आजोबा आले. जाड चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर कारखान्यातला चष्मा, गळ्याभोवती मफलर. त्यांनी दाराआडून आत एक जुनी रजई टाकली, बाटल्या रजईसकट क्रेटमध्ये घेतल्या आणि अंगणात, शून्याच्या जवळपासच्या थंडीत नेऊन ठेवल्या. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, दाब उतरतो. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक झाकणावर जाड टॉवेल धरून ते हळूहळू उचललं. एक शब्दही रागाचा बोलले नाहीत. जाताना म्हणाले, तीन दिवस लागोपाठ मोज, आकडा तिन्ही दिवस तोच आला तरच साखरेला हात लाव. तेव्हापासून फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर मी तीन आकडे लिहिल्याशिवाय साखरेसाठी वजनकाटा बाहेर काढत नाही. आता भरलेल्या बाटल्याही झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवते, आणि ते खोकं मुलीच्या भिंतीला लागून नसतं.

दर घाण्याची एक बाटली मी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरते. ती माझी साक्षीदार. पहिल्या दिवशी दाबली की बोट आत जातं. चौथ्या दिवशी जरा प्रतिकार. आठव्या दिवशी नारळासारखी टणक. नाकासमोर काय चाललंय ते काचेतून दिसत नाही, या बाटलीतून बोटांना कळतं. फक्त टणक झाली म्हणजे तयार असं नव्हे. वायू आधी वरच्या मोकळ्या जागेत जमतो, बिअरमध्ये मुरायला आणखी दिवस लागतात. म्हणून 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे, आणि प्यायच्या आधी दोन दिवस फ्रीजमध्ये. नवव्या दिवशी उघडली तर मोठा फुस्स आवाज येतो आणि ग्लासात मात्र मोठे, भरकन विरणारे बुडबुडे. पंधराव्या दिवशी तीच बिअर बारीक दाण्याचा, सायीसारखा फेस धरते. या सहा दिवसांसाठी मी कितीही थांबायला तयार आहे.

आजोबांच्या खिडकीत एक जुनी, हिरवट बाटली आहे. गळ्यात खाचा आणि आत काचेची गोटी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "गोटी सोडा!" हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. वायूच्याच दाबाने गोटी वर रबराला घट्ट बसते, झाकण लागतच नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात मी लहानपणी ती अंगठ्याने आत ढकलून प्यायले आहे हे सांगितल्यावर आजोबा कितीतरी वेळ ती बाटली हातात फिरवत राहिले. त्यांना वाटत होतं, जगातून ती कधीच गेली.

गेल्या रविवारी नवीन घाण्याचा पंधरावा दिवस होता. दोन बाटल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ग्लास तिरका धरला आणि एका दमात ओतलं, मधे न थांबता. थांबलं की तळाचं यीस्ट हलून वर येतं. शेवटचा अर्धा इंच गाळ बाटलीतच ठेवला. ग्लास खिडकीशी धरून पाहिला, घोट घेतला, मान हलवली. मग पुढचा घोट घ्यायच्या आधी उठले, रिकामी बाटली नळाखाली धरून तीन वेळा खळखळून धुतली, कारण गाळ वाळला की बाटलीत दगडासारखा धरतो, आणि ती गोटीच्या बाटलीशेजारी उपडी घातली. "दुसरी तू धू, मी डक," ते म्हणाले, आणि मी बाह्या वर केल्या.