कोण म्हणे?

पेपरात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. नाइट डेस्क, साडेदहा वाजलेले, आणि उत्तरेत कुठेतरी बस दरीत कोसळल्याची न्यूज एजन्सीची कॉपी, म्हणजे बातमी, येऊन पडली. पाच मिनिटांत कर म्हणाले, तर मी धडाधड टाइप करत सुटले. इंग्रजी कॉपी समोर असली की हात आपोआप चालतात, डोकं फारसं लागत नाही, हे एव्हाना कळलं होतं मला. शेवटची ओळ होती 'द टोल इज एक्स्पेक्टेड टु राइज'. मी लिहिलं, 'मृतांचा आकडा वाढण्याची अपेक्षा आहे', आणि दिलं पाठवून.

दोन मिनिटांनी पलीकडून चीफ सबचा, म्हणजे आमच्या मुख्य उपसंपादकांचा आवाज. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे.

"अगं ए, अपेक्षा कोणाची? तुझी?"

अख्खा डेस्क हसला. मीही हसले, पण कान गरम झालेले. अण्णांनी 'अपेक्षा' उडवून 'भीती' केलं, मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, 'शक्यता' पण चाललं असतं, पण दरीत गेलीय ना बस, भीतीच बरी.

तेव्हापासून हा 'एक्स्पेक्ट' माझ्या मागे लागलाय तो लागलाच. इंग्रजीत त्या शब्दाला कशाचंच काही वाटत नाही हो. कुरियरवाला एक्स्पेक्टेड, पाहुणे एक्स्पेक्टेड, चक्रीवादळ एक्स्पेक्टेड, आणि 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हटलं की थेट दिवस गेलेत! पुढे काहीतरी होणारे एवढंच सांगून तो बाजूला होतो, ते बरं की वाईट याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आपल्याकडे 'अपेक्षा' म्हटलं की कोणाच्या तरी मनात ते व्हावं असं असतंच. म्हणून भाषांतर करताना दर वेळी आधी ठरवावं लागतं की हे कोणाच्या बाजूने बोलतोय आपण. निकाल चांगला लागण्याची आशा, दरड कोसळण्याची भीती, बैठक लांबण्याची शक्यता, आकडा अमुक कोटींच्या घरात जाण्याचा अंदाज. इंग्रजीत या चारही ठिकाणी तो एकच सपाट शब्द बसवून टाका, कोणी हूं की चूं करणार नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण कांदा. 'अनियन प्राइसेस आर एक्स्पेक्टेड टु राइज', आता याचं मराठी काय करणार? अण्णा म्हणायचे आवृत्ती कुठली ते आधी बघ. मुंबईसाठी असेल तर भाव भडकण्याची भीती, आणि लासलगावात वाचणार असतील तर भाव वधारण्याची आशा. बातमी तीच, कांदा तोच. आणि दोन्हीकडे एकच हेडिंग लावायचं असेल तर 'शक्यता' लिहून मोकळं व्हायचं, शक्यता म्हणजे डेस्कवरचा बटाटा आहे, कशातही घाला.

शाळेत हे असं कोणी सांगितलंच नाही. शाळेत फक्त साचे होते. 'आय एक्स्पेक्ट यू टु कम' बरोबर, 'आय वॉन्ट यू टु कम' बरोबर, आणि 'आय होप यू टु कम' लिहिलं की लाल गोळा. का, तर चालत नाही म्हणून. तिथे 'आय होप यू विल कम' असंच हवं. आता मराठी डोक्याला यात चूक दिसणार कुठून? आपल्याकडे एकदा 'तू यावंस' म्हटलं की पुढे काहीही जोडा, तू यावंस अशी इच्छा, अशी आशा, अशी अपेक्षा, अशी विनंती, सगळं त्या एका 'यावंस'वर उभं राहतं. तिकडे प्रत्येक क्रियापदाचे लाड वेगळे. आजही ऑफिसच्या मेलमध्ये 'आय होप यू टु रिप्लाय' दिसलं की मला हसू येत नाही, लिहिणारा मनात अगदी स्वच्छ मराठी बोलला असणार हे कळतं.

दुसरी गंमत 'से'ची. 'ही इज सेड टु बी रिच', तो श्रीमंत आहे असं म्हणतात. हे वाक्य शंभर टक्के बरोबर. मग उलटं करून 'पीपल से हिम टु बी रिच' लिहा बघू. चूक! त्या साच्यात म्हणणारा माणूस कर्ता म्हणून पुढे आणायची सोयच नाही. 'रूमर्ड'चं तर त्याहून वाईट, 'ही इज रूमर्ड टु बी लीव्हिंग' हे रोज छापून येतं, पण अफवा उठवणाऱ्याला पुढे करून 'दे रूमर' असं आजकाल कोणी लिहितच नाही. म्हणजे बोललं तर गेलंय, बोलणारा मात्र गायब. पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे?

आपणही हे उचललंच. व्याकरणाच्या पुस्तकात 'नवीन कर्मणी' म्हणून एक प्रयोग असतो, रावण रामाकडून मारला गेला, तो इंग्रजीच्या वळणावरूनच आलाय आणि पुस्तकं तसं सांगतातही. त्यातूनच मग 'असे मानले जाते', 'असे सांगण्यात येते', 'अशी चर्चा केली जात आहे'. मला स्वतःला 'असे सांगण्यात येते' अजिबात आवडत नाही, तोंडावर रुमाल बांधून बोलल्यासारखं वाटतं. 'असे समजते' त्यातल्या त्यात बरं. आणि हेडिंगमध्ये तर एवढं लिहायला जागाच नसते, मग आपण काय करतो? प्रश्नचिन्ह टाकतो. 'मंत्रिमंडळ विस्तार उद्या?' वाचणाऱ्याला बरोबर कळतं की पेपर काही विचारत नाहीये, सांगतोय, फक्त उद्या नाही झाला तर आमच्या नावाने ओरडू नका. इंग्रजी पेपर तिथे क्रियापदाआधी नुसता 'टु' लावून निघून जातात. आपलं ते एक वेलांटीवालं चिन्ह किती नोकऱ्या वाचवत असेल.

पण हे सगळे खटाटोप लिहिण्यात. बोलताना आपल्याकडे दोन अक्षरांत काम होतं. म्हणे.

"समोरच्यांचा मुलगा जर्मनीला चाललाय म्हणे." झालं. यात 'इज सेड टु' आलं, 'अपरंटली' आलं, शिवाय मी स्वतः तिकीट पाहिलेलं नाही हेही आलं. आणि आवाज जरा वर नेला की तेच 'म्हणे' उलटं फिरतं, "डाएट करतोय म्हणे!" म्हणजे काडीचा विश्वास नाही. इंग्रजीतलं 'सपोज्ड टु' थोडंफार याच्या जवळ जातं, 'द फूड इज सपोज्ड टु बी गुड' म्हणजे चांगलं असतं म्हणे, मी खाल्लेलं नाही. फक्त तोच 'सपोज्ड टु' दुसऱ्या मिनिटाला छडी घेऊन उभा राहतो, 'यू वेअर सपोज्ड टु बी हिअर अ‍ॅट एट', तेव्हा मात्र 'म्हणे' कामाचं नाही, तिथे आईचं "आठला येणार होतीस ना?" हेच पाहिजे. यात ना कर्मणी ना काही, पुढचं सांगणारं साधं 'येणार' घेतलंय आणि त्याला 'होतीस' लावून भूतकाळात ढकललंय, तरी ऐकणाऱ्याला बरोबर लागतं.

'म्हणे' मुळात 'म्हणणे' या क्रियापदाचंच जुनं रूप. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं ते हेच, 'नामा म्हणे' तेही हेच. फरक एवढाच की तिथे म्हणणारा नावानिशी उभा आहे, मी म्हणतोय, बोला काय ते. आपल्या रोजच्या 'म्हणे'मधला तुका कधीतरी गळून पडलाय.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५चा मान्सून आठवत असेल. वेधशाळेचा अंदाज होता केरळात २७ मेला, त्यात चार दिवस इकडेतिकडे. इथे मला वेधशाळेचं कौतुक वाटतं, त्यांचं 'एक्स्पेक्टेड' निदान मापात असतं, किती चुकू शकतो ते आधीच सांगून ठेवतात. आला तो २४लाच, आणि २५ला वेधशाळेनं तळकोकणात आल्याचंही जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे इतक्या लवकर मुंबईबद्दल काय लिहायचं यावर डेस्कवर त्या रात्री वादावादी. कोणी म्हणे 'उंबरठ्यावर', कोणी म्हणे 'लवकरच', मी म्हटलं 'शक्यता' टाका आणि पान छपाईला सोडा. शेवटी प्रश्नचिन्ह लागलं. तो २६ला सकाळी मुंबईत आला आणि धो धो आला, पण हे त्या रात्री कोणाला माहीत.

ऑफिसच्या गाडीने घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेलेले. आई जागीच.

"साडेबाराला येणार होतीस."

"पान थांबलं होतं गं. पावसासाठी."

"आला का?"

"सकाळपर्यंत येईल म्हणे."

"कोण म्हणे?"

"वेधशाळा."

आईने गॅलरीतल्या दोऱ्यांकडे एकदा पाहिलं. त्या दिवशीच्या सगळ्या चादरी तिथे होत्या.

"मग राहू देत बाहेर," म्हणाली, आणि दिवा मालवून झोपायला गेली.